चढ्या बोलीचं ओझं

१ मार्च २०२४ ला हैदराबादेत पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं आणि प्रो कबड्डी लीगचं पहिलं विजेतेपद मिळवलं. त्या हंगामात पकडीचे सर्वांत जास्त गुण पुण्याच्याच मोहम्मदरेझा शादलू चियानेह या इराणी बचावपटूच्या नावावर होते. पुढच्या लिलावाआधी कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं याच्या याद्या जाहीर झाल्या तेव्हा चियानेह सोडलेल्यांत निघाला. ऑगस्टच्या लिलावात त्याला २ कोटी ७ लाखांना उचललं ते हरियाणानेच, म्हणजे अंतिम सामन्यात हरलेल्या संघाने. २९ डिसेंबर २०२४ ला पुण्याच्या बालेवाडीत पाटणा पायरेट्सना ३२-२३ असं लोळवून हरियाणाही पहिल्यांदा विजेता झाला. आणि मग हरियाणानेही त्याला सोडलं! २०२५ मध्ये गुजरात जायंट्सने त्याच्यासाठी २ कोटी २३ लाख मोजले.

लागोपाठ दोन हंगाम ज्याच्या जोरावर चषक आला, त्याला दोन्ही वेळा दार दाखवलं. असं काही झालं की आपल्याकडे चर्चा सुरू होते ती भांडणाची. प्रशिक्षकाशी पटलं नसेल, मालकाला काहीतरी खटकलं असेल. पण आधी एक साधा हिशेब मांडून पाहावा. २०२३ च्या लिलावात पुण्याने चियानेहला २ कोटी ३५ लाखांना घेतलं होतं. त्या हंगामात प्रत्येक संघाला खेळाडूंवर जास्तीत जास्त ५ कोटी खर्च करायची मुभा होती. म्हणजे शंभरातले सत्तेचाळीस रुपये एका माणसावर, आणि संघात किमान अठरा खेळाडू तर हवेतच. उरलेल्या २ कोटी ६५ लाखांत बाकी सगळे बसवायचे. तरुण पोरं स्वस्तात हाताशी असतात तोवर हे जमतं. ती पोरं चांगली खेळली की त्यांचीही किंमत वाढते, आणि मग सगळ्यांत महागड्या माणसाकडे मालकांची नजर जाते.

खेळाडूंवरच्या खर्चाला अशी वरून घातलेली मर्यादा म्हणजे वेतनमर्यादा. आपल्याकडे तिला पर्स, म्हणजे थैली, म्हणतात. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटात ज्याने बोली ऐकली आहे त्याला लिलाव म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही. पण कांडीवर बोली लावणाऱ्या व्यापाऱ्याच्या खिशाला त्याची ऐपत सोडली तर दुसरी मर्यादा नसते. माल आवडला, पुढे भाव चढेल असं वाटलं, तर तो दोन ट्रक जास्त भरतो. खेळाडूंच्या लिलावात अंबानी असोत नाहीतर अदानी, खिसा सगळ्यांचा सारखाच शिवलेला. मालकाकडे पैसे किती आहेत हा प्रश्नच येत नाही. त्यातले किती वापरायची परवानगी आहे, एवढंच पाहायचं. त्यामुळे इथे एखादा खेळाडू महाग आहे म्हणजे तो परवडत नाही असं नसतं. त्याच्यामुळे दुसरे कोण कोण घेता येत नाहीत, हे मोजलं जातं.

ही पद्धत पक्की केली ती अमेरिकेच्या फुटबॉलने. तिथला फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा आणि अंगावर धडकायचा खेळ. आपल्या फुटबॉलशी त्याचं नावापुरतंच नातं. त्यांच्या एनएफएल या लीगमध्ये १९९४ मध्ये वेतनमर्यादा आली. पहिल्या वर्षी ती संघामागे ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख डॉलर झाली. दर मार्चमध्ये नवं आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या सुमारास तिथे जुन्या, नावाजलेल्या, भरपूर पगाराच्या खेळाडूंची अक्षरशः कत्तल होते. कारण तिथले बरेचसे करार कागदावर पाच-सहा वर्षांचे असले तरी त्यातली सगळी रक्कम हमीची नसते. खेळाडू सोडला की पुढच्या वर्षांचा बिनहमीचा पगार वाचतो.

सगळा मात्र वाचत नाही, आणि तिथली खरी गंमत त्यातच आहे. समजा, पाच वर्षांच्या करारावर सही करताना खेळाडूला २० कोटी रोख दिले. पैसे त्याच्या खिशात लगेच गेले, पण मर्यादेच्या हिशेबात ते दरवर्षी चार-चार कोटी असे पसरवून लिहिता येतात. दोन वर्षांनी त्याला काढला तर उरलेले १२ कोटी हिशेबातून नाहीसे होत नाहीत. जो संघात नाहीच त्याच्या नावावर ते येऊन बसतात. अमेरिकन लोक त्याला मेलेला पैसा म्हणतात. डेन्व्हर ब्रॉन्कोजनी मार्च २०२४ मध्ये रसेल विल्सन या अनुभवी खेळाडूला सोडलं, तेव्हा असा साडेआठ कोटी डॉलरचा मेलेला पैसा दोन वर्षांत वाटून त्यांच्या माथी आला. विल्सन गेला पिट्सबर्गला, अनुभवी खेळाडूला देता येणाऱ्या किमान पगारावर, म्हणजे सुमारे १२ लाख डॉलरवर. कारण हमीचे पैसे डेन्व्हर देतच होतं. खेळायचं एकासाठी आणि मोठा पगार दुसऱ्याकडून!

पेटन मॅनिंगची गोष्ट त्याहून जुनी. इंडियानापोलिस कोल्ट्सचा तो चौदा वर्षांचा कणा. मानेच्या शस्त्रक्रियेमुळे २०११ चा पूर्ण हंगाम हुकला. त्याला २ कोटी ८० लाख डॉलरचा हप्ता द्यायची तारीख तोंडावर आली असताना ७ मार्च २०१२ ला कोल्ट्सनी त्याला सोडलं. पत्रकार परिषदेत मालक आणि खेळाडू दोघांचेही डोळे भरून आले होते, आणि ते रडणं खोटं होतं असं मला वाटत नाही. पण हिशेब ठरला होता. नवा, तरुण, स्वस्त खेळाडू दारात उभा होता. मॅनिंग डेन्व्हरला गेला आणि २०१६ च्या फेब्रुवारीत त्याने त्या संघाकडून सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला.

आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये अशी सरसकट मर्यादा सगळीकडे नाही. स्पेनच्या लीगमध्ये मात्र प्रत्येक क्लबच्या उत्पन्नावरून त्याच्या खर्चाची सीमा ठरते. ऑगस्ट २०२१ मध्ये लिओनेल मेस्सीने बार्सिलोना सोडलं ते त्यामुळेच. पगार निम्म्यावर आणायला तो तयार होता, क्लबलाही तो हवा होता, तरी कर्जात बुडालेल्या क्लबच्या मर्यादेत त्याचा करार बसेना. चौतिसाव्या वर्षी जगातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूला एका आकड्यापायी घर सोडावं लागलं.

आता परत मॅटवर येऊ. कबड्डीतली पहिली मोठी बोली आठवते? २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महागडा खेळाडू होता राकेश कुमार, आणि पाटणाने त्याला घेतलं होतं १२ लाख ८० हजारांना. चार वर्षांनी यू मुंबाने फझल अत्राचली या इराणी कोपरारक्षकासाठी १ कोटी मोजले आणि तो कबड्डीतला पहिला करोडपती ठरला. त्याच लिलावात मोनू गोयतसाठी हरियाणाने दीड कोटीच्या वर रक्कम लावली. बारा लाखांवरून दीड कोटी, तेही चार वर्षांत! गावाकडच्या मातीतल्या स्पर्धांत बाहेरगावचा खेळाडू बोलावून त्याला पाकीट द्यायची पद्धत जुनीच, पण असे आकडे कुणी स्वप्नातही पाहिले नव्हते.

त्याच २०१८ सालात यू मुंबाकडून एक नाव गळालं: अनुप कुमार. पहिल्या पाचही हंगामांत तो मुंबईचा कर्णधार होता. २०१५ चं विजेतेपद त्याच्याच हाताखाली आलं. डोकं शांत, बोनस घेण्यात वाकबगार, आणि मुंबईकरांचा अतिशय लाडका. जयपूर पिंक पँथर्सनी त्याला ३० लाखांत घेतलं आणि त्याच डिसेंबरात तो निवृत्त झाला. अनुपच्या वेळी वय आड आलं, असं म्हणता येईल. तो पुढे पुणेरी पलटणचा प्रशिक्षक झाला आणि तिथे त्याच्यासमोर आला राहुल चौधरी. लीगच्या सुरुवातीच्या वर्षांतला हा सर्वांत गाजलेला चढाईपटू. २०१८ मध्ये तेलुगू टायटन्सनी त्याच्यावर १ कोटी २९ लाख लावले होते. वर्षभरात तमिळ थलैवाजकडे ९४ लाख, आणि २०२१ मध्ये पुण्याकडे ४० लाख. त्या हंगामात पुण्याच्या चढाया हळूहळू राहुलच्या हातून सुटल्या आणि अस्लम इनामदार, मोहित गोयत या नव्या पोरांकडे गेल्या. अस्लम आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. ही दोन पोरं लिलावात कोट्यवधींना घेतलेली नव्हती. संघाने हेरून तयार केलेल्या नव्या तरुण खेळाडूंच्या यादीतून ती आली होती, आणि या यादीतल्यांना मिळणारी रक्कम लिलावातल्या ताऱ्यांच्या मानाने किरकोळ असते. पुढे अस्लमच कर्णधार झाला आणि मार्च २०२४ चा चषक त्यानेच उचलला.

पुण्याचा डाव इथे कळतो. आधी स्वस्त, तरुण, घरात वाढवलेली फळी उभी करायची. तिच्यामुळे वाचलेले पैसे एकाच मोठ्या माणसावर ओतायचे. २०२२ मध्ये तो मोठा माणूस होता फझल अत्राचली, १ कोटी ३८ लाखांचा. यू मुंबाने सोडलेला फझल पुण्याचा कर्णधार झाला, त्याने संघाला अंतिम सामन्यात नेलं, तिथे जयपूरकडून ३३-२९ अशी हार झाली. पुढच्या वर्षी पुण्याने फझलला सोडलं आणि त्याच्याच डाव्या कोपऱ्यासाठी चियानेहला आणलं. एक इराणी गेला, दुसरा आला. पहिल्याहून वयाने बराच लहान आणि जवळपास एक कोटीने महाग. पुण्याने फझलला सोडलं ते पैसे वाचवायला, असं म्हणणं म्हणूनच अर्धंच खरं. तो पैसा दुसरीकडे जास्त गुण देईल, असा त्यांचा अंदाज होता. या वेळी तो बरोबर आला.

दरवेळी येत नाही. तमिळ थलैवाजनी २०२२ मध्ये बंगळुरूने सोडलेल्या पवन सेहरावतवर २ कोटी २६ लाख ५० हजार लावले. तेव्हाची मर्यादा ४ कोटी ४० लाख. म्हणजे निम्म्याहून जास्त थैली एका खेळाडूत. पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि तो हंगामभर बाहेर बसला. आणि बघा, थैलीचा अर्धा भाग बाकावर असूनही थलैवाज उपांत्य फेरीपर्यंत गेले, तिथे पुण्याकडून जेमतेम दोन गुणांनी हरले. पुढच्या वर्षी त्यांनी पवनला सोडलं. तेलुगू टायटन्सनी त्याला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. या वेळी पवन धडधाकट खेळला, गुणही भरपूर केले, पण टायटन्स बावीसपैकी दोन सामने जिंकून तळाला राहिले. सात जणांच्या खेळात उरलेल्या सहांचं काय करायचं, याला पैसेच उरले नव्हते.

मग टायटन्सनी काय केलं? पवनला सोडलं, लिलावात जाऊ दिलं, आणि कुणीतरी लावलेली शेवटची बोली आपण देतो म्हणून १ कोटी ७२ लाख ५० हजारांत परत घेतलं. प्रो कबड्डीत या सोयीला फायनल बिड मॅच म्हणतात. आपण सोडलेल्या खेळाडूवर दुसऱ्याची शेवटची बोली लागली, की तेवढीच रक्कम देऊन त्याला परत आणण्याचा हक्क. माणूस तोच, जर्सी तीच, थैलीत ८८ लाख मोकळे. यूपी योद्धाजनीही प्रदीप नरवालच्या बाबतीत तेच केलं होतं: २०२१ मध्ये १ कोटी ६५ लाखांना घेतलेला प्रदीप वर्षभराने ९० लाखांत परत. महिला क्रिकेटमध्येही हे दिसलं. विश्वचषक जिंकून देणाऱ्या दीप्ती शर्माला यूपी वॉरियर्झने २०२५ मध्ये सोडलं आणि नोव्हेंबरच्या लिलावात अशाच हक्काने ३ कोटी २० लाखांना परत घेतलं. फरक इतकाच की दीप्तीची किंमत या फेरीत वाढली. सोडणं म्हणजे दरवेळी निरोप नव्हे. कधी कधी तो नुसता भाव करून बघायचा मार्ग असतो, आणि खेळाडूला तो अपमानच वाटत असणार.

या चढउताराचा सर्वांत मोठा धक्का ज्याने खाल्ला तो आपला सिद्धार्थ देसाई. कोल्हापूर जिल्ह्यात चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा. २०१८ मध्ये यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं आणि पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण घेतले. एवढं करूनही मुंबईने त्याला राखलं नाही. तेलुगू टायटन्सनी १ कोटी ४५ लाख मोजले. २०२१ मध्ये त्यांनीच त्याला सोडून १ कोटी ३० लाखांना पुन्हा घेतलं. त्या हंगामात खांदा गेला. २०२२ मध्ये त्याच संघाने, त्याच माणसाला, २० लाखांत घेतलं. आणि २०२३ मध्ये हरियाणाने? पुरता १ कोटी! पाच वर्षांचे हे आकडे एखाद्याच्या ताकदीचा आलेख म्हणून वाचले तर वेड्यासारखे वाटतात. त्या त्या दिवशी लिलावात कोणाच्या थैलीत किती उरलं होतं आणि कोणाला चढाईपटू हवा होता, हे त्यांच्या शेजारी ठेवलं की त्यांचा अर्थ लागतो.

क्रिकेटमध्ये रक्कम मोठी, तर्क हाच. आयपीएलच्या पहिल्या, २००८ च्या लिलावात मर्यादा होती संघामागे ५० लाख डॉलर. काही संघांना एक स्थानिक मानाचा खेळाडू देण्यात आला होता. त्याला आपल्या संघातल्या सर्वांत महागड्या खेळाडूपेक्षा १५ टक्के जास्त मिळायचे. मुंबई इंडियन्सकडून हा मान सचिन तेंडुलकरचा. जयसूर्याला ९ लाख ७५ हजार डॉलर मिळाले म्हणून सचिनला ११ लाख २१ हजार २५० डॉलर. हैदराबादमध्ये व्ही. व्ही. एस. लक्ष्मणने मात्र हा मान आपणहून सोडला. आपल्याला १५ टक्के जादा दिले तर संघाच्या थैलीत तेवढे कमी पडतील, हे त्याच्या लक्षात आलं होतं. आयपीएलच्या इतिहासात वेतनमर्यादेचं गणित सर्वांत आधी एखाद्या खेळाडूला उमगलं असेल तर ते लक्ष्मणला, असं माझं मत आहे.

मुंबई इंडियन्सचं सर्वांत स्वच्छ उदाहरण कायरन पोलार्डचं. २०१० पासून तो मुंबईकडे. २०२२ साठी ६ कोटींत राखलेला. तो हंगाम मुंबईसाठी आणि त्याच्यासाठीही वाईट गेला. १५ नोव्हेंबर २०२२ ला मुंबईने त्याला राखलं नाही आणि त्याच दिवशी त्याने आयपीएलमधून निवृत्ती जाहीर केली. मुंबईविरुद्ध खेळायची कल्पना त्याला मानवत नव्हती. मुंबईने त्याला फलंदाजीचा प्रशिक्षक केलं. सगळ्या सोडासोडीनंतर मुंबईच्या थैलीत २० कोटी ५५ लाख उरले होते. डिसेंबरच्या लिलावात त्यांनी कॅमेरॉन ग्रीन या ऑस्ट्रेलियन अष्टपैलूला १७ कोटी ५० लाखांना घेतलं. पोलार्डचे ६ कोटी वजा करून बघा: १४ कोटी ५५ लाख. पोलार्ड राहिला असता तर ग्रीन आला नसता. आणि ग्रीनची गोष्ट तिथेच संपत नाही. वर्षभराने हार्दिक पंड्याला गुजरातकडून १५ कोटींत परत आणायचं ठरलं, तेव्हा जागा कोणाची रिकामी केली? ग्रीनची. त्याला बंगळुरूकडे देऊन टाकलं. ज्याच्यासाठी एकाला हलवलं, त्यालाच पुढच्याने हलवलं.

आता दुसरी बाजू, आणि तिचा नायक संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दमध्ये जन्मलेला अजिंक्य रहाणे. २०१८ मध्ये राजस्थानने त्याला लिलावात ४ कोटींना परत घेतलं, कर्णधार केलं. मग दिल्ली, मग २०२२ मध्ये कोलकात्याने १ कोटीत घेतलं आणि वर्षाने सोडलं. २०२३ साठी चेन्नईने त्याला ५० लाखांच्या मूळ किमतीत उचललं तेव्हा अनेकांनी त्याला संपलेला मानलं होतं. त्याने त्या हंगामात ३२६ धावा केल्या, शंभर चेंडूंमागे १७२ च्या वेगाने, चषक जिंकला आणि कसोटी संघातही परतला. चेन्नईने पुढे सोडल्यावर २०२५ साठी कोलकात्याने त्याला दीड कोटीत घेऊन कर्णधार केलं. त्याचा उपकर्णधार वेंकटेश अय्यर होता २३ कोटी ७५ लाखांचा. हंगाम संपला, कोलकात्याची कामगिरी यथातथाच. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलकात्याने अय्यरला सोडलं, १२ कोटींच्या आंद्रे रसेललाही सोडलं. सदतीस वर्षांचा रहाणे राहिला. अय्यर बंगळुरूला गेला ७ कोटींत. सुटलेल्या पैशांतून कोलकात्याने ग्रीनवर २५ कोटी २० लाख लावले. होय, तोच ग्रीन.

म्हणजे वय झालं की संघ सोडतो, हे सरसकट खरं नाही. वयासोबत जुनी किंमत चिकटलेली असेल तर सोडतो. दीड कोटीचा रहाणे पोटदुखीचं कारण होत नाही. त्याला काढून वाचणार काय? तेवीस कोटींच्या अय्यरने काढलेली प्रत्येक धाव मात्र त्या तेवीस कोटींनी भागून पाहिली जाते. अय्यरचा त्यात काय दोष? त्याने ती रक्कम मागितली नव्हती. लिलावाच्या टेबलावर दोन मालक इरेला पेटले आणि तिसऱ्याच्या नावापुढे आकडा चिकटला. त्या दिवशी तो आकडा अभिमानाचा होता. वर्षभराने त्याच आकड्याने त्याला बाहेर काढलं.

एवढ्या उलथापालथीतून लीगला काय मिळतं? कबड्डीत तरी उत्तर स्पष्ट दिसतं. पाटणाने लागोपाठ तीन विजेतेपदं मिळवल्यानंतर २०१८ ते २०२४ या सहा हंगामांत बंगळुरू, बंगाल, दिल्ली, जयपूर, पुणे आणि हरियाणा असे सहा वेगवेगळे संघ जिंकले. जिथे अशी मर्यादा नाही त्या जर्मन फुटबॉलमध्ये बायर्न म्युनिक २०१३ ते २०२३ अशी लागोपाठ अकरा वर्षं विजेता होता. दरवर्षी निकाल आधीच माहीत असेल तर टीव्ही कोण लावणार? मर्यादेच्या बाजूने हा युक्तिवाद दमदार आहे आणि मला तो पटतो.

पण तिची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. मर्यादा जशी संघांना सारखं करते, तशी ती मालकांचा खर्चही बांधून ठेवते. एनएफएलमध्ये मर्यादेचा आकडा खेळाडूंच्या संघटनेशी वाटाघाटी करून, लीगच्या एकूण उत्पन्नाशी जोडून ठरतो. २०२० च्या करारानुसार उत्पन्नातला किमान ४८ टक्के वाटा खेळाडूंचा. आपल्याकडे असं काही नाही. आयपीएलची थैली नियामक मंडळ ठरवतं, प्रो कबड्डीची आयोजक. आपल्या क्रिकेटपटूंची मान्यताप्राप्त संघटना आहे ती निवृत्तांची. खेळत असलेल्यांच्या वतीने टेबलावर बसणारं कोणी नाही. कबड्डीपटूंच्या वतीने तर नाहीच. मर्यादा ४ कोटी ४० लाखांवरून ५ कोटींवर गेली ती कोणत्या उत्पन्नाच्या किती टक्के, हे खेळाडू विचारू शकत नाही. आणि अमेरिकेत सोडलेल्याला निदान हमीचा पैसा मिळतो. इथे हंगाम संपला आणि सोडलं की पुढच्या वर्षाचं काहीच देणं नसतं.

फझल अत्राचलीची गंमत सांगायची राहिली. पुण्यानंतर गुजरातने त्याला १ कोटी ६० लाखांना घेतलं, सोडलं. २०२४ मध्ये बंगालने ५० लाखांत घेतलं, सोडलं. २०२५ मध्ये तो दबंग दिल्लीकडे गेला. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या अंतिम सामन्यात दिल्लीने ३१-२८ असा विजय मिळवला. हरलेला संघ पुणेरी पलटण. तिशी ओलांडलेल्या माणसाला स्वस्तात उचलून विजेतेपद, ही संधीही वेतनमर्यादाच देते. चाणाक्ष संघ सोडलेल्यांच्या यादीवर डोळा ठेवून असतात.

कळमनुरीत, सेनगावात किंवा वसमतला संध्याकाळी घाम गाळणाऱ्या पोरांचा याच्याशी संबंध आहे तो खालच्या टोकाला. २०२३ च्या लिलावात सर्वांत खालच्या गटातल्या खेळाडूची मूळ किंमत होती ९ लाख. चियानेहच्या एका बोलीत असे सव्वीस खेळाडू बसतात. एखादा महागडा माणूस सुटला की त्याच्या जागी दुसरा महागडा येतोच असं नाही. अनेकदा त्या पैशांत दोन-तीन मधले आणि चार-पाच नवे घेतले जातात. नव्या पोरांना आत शिरायला दार उघडतं ते बहुतेक वेळा असं, कोणा जुन्याच्या बाहेर जाण्याने. मात्र ९ लाखांचा करार हंगामापुरता असतो, आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटला की पुढच्या यादीत नाव असेलच याची खात्री नाही. म्हणून जुने कबड्डीपटू रेल्वे, पोलिस, तेल कंपन्या, बँका यांतली नोकरी कधी सोडत नसत. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यात मोजलं जातं ते मान्यताप्राप्त संघटनांच्या राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांमधलं यश, पडताळलेल्या प्रमाणपत्रासह. लिलावात कितीची बोली लागली होती, हा रकाना त्या अर्जात नाही.